टेस्टिंगची गाडी रिकामी असते, ट्रॅकखालची जागा रिकामी नसते

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या मुलाने विचारलंय: "दादा, आमच्या टेरेसवरून पार्कातली नवीन रोलर कोस्टर दिसते, सध्या टेस्टिंग चालू आहे, सकाळी गाड्या रिकाम्याच पळतात. माझ्याकडे २४९ ग्रॅमचा ड्रोन आहे. माणसं बसलेली नसताना ट्रॅकच्या बाजूने उडवून व्हिडिओ काढला तर काय प्रॉब्लेम आहे? आणि किती अंतर ठेवू?"

आधी सरळ उत्तर देतो. पार्कची लेखी परवानगी नसेल तर उडवू नकोस, अंतर कितीही ठेव. आता का ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं "नको" म्हटलेलं कोणालाच पटत नाही आणि पटायलाही नको.

मी अकरा वर्षं राइड मेंटेनन्समध्ये होतो, त्यानंतर ड्रोनने स्ट्रक्चरचं इन्स्पेक्शन करायला लागलो, पाण्याच्या टाक्या, टॉवर, चिमण्या आणि वर्षातून तीनचार वेळा कोस्टर. म्हणजे ट्रॅकखाली पाना घेऊन उभा राहिलोय आणि कुंपणाच्या बाजूला रिमोट घेऊनपण उभा राहिलोय, त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकतो.

तुझ्या प्रश्नात सगळ्यात मोठी चूक "रिकाम्या" या शब्दात आहे. पार्क पब्लिकसाठी चालू असतो तेव्हा कोस्टर ही एकदम शिस्तीतली वस्तू असते, गाडी किती सेकंदात कुठे पोचणार हे ऑपरेटरला पाठ असतं, ट्रॅकखालची जागा कुंपण घालून बंद असते, तिथे कोणी फिरकत नाही. टेस्टिंगमध्ये याच्या उलट. नवीन गाडीची बेअरिंगं घट्ट असतात, चाकांचं पॉलियुरेथेन, म्हणजे रबरासारखं प्लास्टिक, थंड असतं, त्यात गाडी रिकामी म्हणजे हलकी, समोरून वारा आला की तिचा दम कमी पडतो. मग ती एखाद्या चढावर माथ्यापर्यंत पोचतच नाही, मागे येते, परत पुढे जाते, झोका खात खात दोन चढांच्या मधल्या खळग्यात थांबते. याला आम्ही व्हॅली झाली म्हणतो. मग क्रेन, विंच, दोर आणि आठदहा माणसं त्या गाडीखाली. आणि तीच गाडी दुपारी, चाकं तापल्यावर, वजन भरल्यावर, सकाळपेक्षा चांगली जोरात पळते. टेस्टिंग करायचं ते यासाठीच, गाडी कशी वागते ते अजून समजायचं असतं. सकाळी सात वाजता तू टेरेसवरून बघून ठरवलेलं टायमिंग अकरा वाजता खरं नसतं.

अमेरिकेत न्यू जर्सीला किंगडा का नावाची कोस्टर होती, २००५ ला सुरू झाली आणि २०२४ पर्यंत चालली, १३९ मीटर उंच, वेग ताशी २०६ किलोमीटर. तिथे गाडी कधीकधी माथ्यावरून पलीकडे न जाता सरळ मागे यायची, आणि हे होणार हे धरूनच डिझाइन केलेलं, गाडी पुढे गेली की मागच्या ट्रॅकवर ब्रेकच्या पट्ट्या वर उठायच्या म्हणजे परत येणारी गाडी धरली जाईल. अशा लाँचवाल्या, म्हणजे चेनने वर न ओढता गाडी एकदम जोरात पुढे सोडणाऱ्या, कोस्टरच्या टेस्टिंगमध्ये असं मागे येणं हा रोजच्या कामाचा भाग असतो. तू समजा गाडी गेली म्हणून तिच्या मागून ड्रोन ट्रॅकवर आणलास आणि गाडी मागेच आली तर?

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना खरंच माहीत नसते म्हणून सांगतो. साध्या कोस्टरमध्ये गाडी पहिल्या चढावर (लिफ्टवर) चेनने ओढून नेतात, त्या चेनवरून सुटलेल्या गाडीला ब्रेक नसतो. गाडीला इंजिन नाही, मोटर नाही, ब्रेक असतात ते ट्रॅकवर, ठरलेल्या जागी. ट्रॅकचे ब्लॉक पाडलेले असतात, एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. ऑपरेटरने लाल बटण दाबलं तरी गाडी तिथल्या तिथे थांबत नाही, ती पुढच्या ब्रेकपर्यंत जाणारच, गुरुत्वाकर्षणाला बटण नाही. म्हणजे समोर ड्रोन दिसला आणि ऑपरेटरने अर्ध्या सेकंदात हात मारला तरी जी टक्कर व्हायची ती होते. थांबवता येते फक्त चेनवर असताना.

आणि तेवढ्यावरच आमचा एक दिवस वाचला होता, तो सांगतो. पार्कचं नाव घेत नाही, काही वर्षं झाली त्याला. रिकाम्या ट्रायलची सहावी फेरी, गाडी लिफ्टवर अर्ध्यात, चेनचा तो टक टक टक आवाज चालू, म्हणजे गाडी मागे घसरू नये म्हणून जे पंजे खाचांमध्ये पडत असतात त्यांचा. वॉकीवर हेल्पर ओरडला, ड्रोन आहे, ड्रोन आहे, ब्रेकच्या बाजूला ड्रोन आहे. ऑपरेटरने लिफ्ट थांबवली. तो ड्रोन कोणाचा ते आजपर्यंत कळलं नाही, बाहेरून आला होता, शेवटच्या ब्रेकच्या पट्ट्यात कॅटवॉकच्या, म्हणजे ट्रॅकलगतच्या चालायच्या अरुंद वाटेच्या, रेलिंगला लागला आणि खाली ट्रॅकमध्ये पडून फुटला. त्या कॅटवॉकवर दोन मिनिटं आधी आमचा एक फिटर सेन्सरची वायर बघून उतरला होता. दोन मिनिटं.

पुढचं ऐक, कारण व्हिडिओ काढणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. आम्ही तुकडे गोळा केले, बॉडी, बॅटरी, कॅमेरा, प्रॉप म्हणजे फिरणारे पंखे तीन. चौथा प्रॉप सापडेना. आता तो प्लास्टिकचा बोटभर तुकडा, पण तो कुठे आहे हे कळल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. पाच जणांनी ट्रॅक दोनदा चालून काढला. गाडीची चाकं बघितली, एका गाडीला तीन बाजूंनी चाकं असतात, वरून भार घेणारी, बाजूची आणि खालून रुळाला धरून ठेवणारी, प्रत्येक चाकावरून बोट फिरवून बघायचं, कारण पॉलियुरेथेनमध्ये रुतलेला कण डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. तासाभराने नाही, साडेतीन तासांनी सापडला. ब्रेकच्या मागे प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या ब्रॅकेटवर आडवा पडलेला, काळ्या ब्रॅकेटवर काळा प्रॉप. तो सेन्सर आणि गाडीखालची पट्टी यांच्यात काही मिलिमीटरचीच फट असते. सेन्सर धातू ओळखतो, प्लास्टिक त्याला दिसत नाही, म्हणजे पॅनेलवर सगळं हिरवं. गाडी त्याच्यावरून गेली असती तर सेन्सर वाकला असता, आणि तो सेन्सर सांगतो म्हणून कंट्रोल सिस्टिमला कळतं की या ब्लॉकमध्ये गाडी आहे की नाही. आमचे जुने फिटर काका तो प्रॉप हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीची लोड ट्रायल, म्हणजे वजन भरून घ्यायची फेरी, पुढे ढकलली गेली, सीटवर पाण्याच्या डमी भरून बांधून ठेवल्या होत्या त्या परत रिकाम्या केल्या.

आता तू म्हणशील माझा २४९ ग्रॅमचा आहे. ठीक आहे, हिशोब करू. गाडी ताशी १०० ने येते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. खोपोलीच्या इमॅजिकातली नायट्रो साधारण त्याच वेगाची आहे, उंची ४० मीटर, म्हणजे आपल्याकडची तेरा मजली बिल्डिंग. त्या वेगाच्या गाडीसमोर तुझा हवेत उभा असलेला २४९ ग्रॅमचा ड्रोन आला तर धक्क्याची ऊर्जा साधारण ९६ ज्यूल, म्हणजे ताशी १२५ किलोमीटरने टाकलेला सीझन बॉल. चेस्ट गार्ड न घालता छातीवर घे म्हटलं तर घेशील का. आणि ९०० ग्रॅमचा नेहमीचा कॅमेरा ड्रोन असेल तर ३४७ ज्यूल, ताशी १४० च्या बॉलच्या जवळजवळ तीनपट. बॉल निदान गोल असतो. ड्रोनला कोपरे असतात, फिरणारी पाती असतात आणि लिथियमची बॅटरी असते, जी चेपली की पेट घेऊ शकते. फेऱ्यांच्या शेवटी शेवटी सीटवर माणसं बसतात, पार्कचा स्टाफ, कंपनीचे इंजिनिअर, त्यांच्या तोंडासमोर काच नसते. तुला टेरेसवरून आज डमी आहेत की माणसं हे कळणार पण नाही.

अंतराचं विचारलंस. मोबाइलच्या स्क्रीनवर जे दिसतं ते थोडं जुनं असतं, समजा ०.१५ सेकंद उशिराचं, तेवढ्यात गाडी ४ मीटर पुढे गेलेली असते. तू बघून अंगठा हलवेपर्यंत पाव सेकंद, अजून ७ मीटर. म्हणजे तुला "अरे आली" वाटतं तेव्हा ती ११ मीटर जवळ आलेली असते आणि ड्रोन अजून हललेलाच नसतो. पडतानाचं गणितपण असंच. ४० मीटरवरून मोटर बंद पडली तर खाली यायला तीनेक सेकंद, त्यात ड्रोन सेकंदाला १० मीटरने आडवा जात असेल तर पंचवीसेक मीटर लांब जाऊन पडतो. म्हणून आम्ही उंची तेवढं आडवं अंतर हा कमीत कमी धरतो, वारा असेल तर जास्त. २०१५ च्या डिसेंबरमध्ये इटलीत स्कीच्या वर्ल्ड कपमध्ये मार्सेल हिर्शर उतारावरून येत होता आणि शूटिंगचा ड्रोन त्याच्या पाठीमागे अगदी काही फुटांवर आदळला, तो टीव्हीवर लाइव्ह दिसला. तो हौशी पोराचा ड्रोन नव्हता, कामावर लावलेल्या प्रोफेशनल लोकांचा होता. त्यानंतर स्कीच्या संघटनेने शर्यतीत कॅमेरा ड्रोन बंद केले.

आता ड्रोनच्या बाजूने. तुझा ड्रोन मोकळ्या मैदानात शहाण्यासारखा वागतो म्हणून कोस्टरजवळ पण वागेल असं धरू नकोस. शेकडो टन लोखंड उभं आहे, त्याने कंपास चुकतो. मग जागेवर उभं राहायला सांगितलं की ड्रोन गोल गोल फिरायला लागतो आणि घेर वाढत जातो. ट्रॅकच्या खाली गेलास की सॅटेलाइट कमी, जे सिग्नल येतात ते लोखंडावरून आपटून येतात, ड्रोनला वाटतं आपण तीन मीटर बाजूला आहोत. पुढचे सेन्सर जाड खांब ओळखतात, बारीक वायर रोप, जाळी, रेलिंगचा पाइप यांचा भरवसा नाही. आणि तू टेरेसवरून उडवणार म्हणतोस, तर स्लॅबमध्ये सळया असतात, म्हणजे कंपास उड्डाणाच्या आधीच बिघडलेला असू शकतो.

टेरेसची अजून एक गोची म्हणजे उंची. स्क्रीनवरची उंची तू जिथून उडवलंस तिथून मोजली जाते. वीस मजली बिल्डिंगच्या टेरेसवर स्क्रीन शून्य दाखवते तेव्हा तू जमिनीपासून साठ मीटरवर असतोस. कायद्यातली उंची मात्र जमिनीपासून.

सगळ्यात जास्त ज्याने घात होतो तो म्हणजे रिटर्न टू होम. सिग्नल तुटला की ड्रोन आधी सरळ वर जातो, ठरवलेल्या उंचीवर, मग घरी यायला निघतो. मोकळ्यावर छान. ट्रॅकखाली असताना सरळ वर म्हणजे सरळ ट्रॅकमध्ये. हे माझ्या हातून झालंय, सुरुवातीच्या दिवसांत, राइड बंद होती, चावी माझ्या खिशात होती, खाली कोणी नव्हतं, म्हणून नुसता ड्रोन गेला. पण खांबाआड गेल्यावर सिग्नल तुटला आणि तो माझ्या डोळ्यांदेखत वर चढत जाऊन कॅटवॉकला लागला तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं काहीही नव्हतं. त्या दिवसापासून स्ट्रक्चरजवळ सिग्नल तुटला तर काय करायचं हे सेटिंग आम्ही जागेवर थांब असं ठेवतो. फॉलो मोड तर लावायचाच नाही, ड्रोन गाडीकडे बघत असतो, मधला खांब त्याच्या हिशोबात नसतो.

घारी विसरू नकोस. खाडीकडच्या पट्ट्यात भरपूर आहेत, हिवाळ्यात घरटी असतात, उंच स्ट्रक्चरवर बसायला त्यांना आवडतं, आणि ड्रोन जवळ आला की सरळ झडप घालतात.

कायद्याचं थोडक्यात. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, ती सूट ऐकून लोक समजतात की नॅनोला काहीच लागू नाही. हिरवा (मोकळा), पिवळा (परवानगी लागणारा), लाल (मनाईचा) झोन सगळ्यांना लागू. हिरव्यात जमिनीपासून ४०० फूट, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फूट. आता नवी मुंबई विमानतळाचं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालंय, त्यामुळे उलवे, बेलापूर, खारघर, पनवेल इथे दोनतीन वर्षांपूर्वी उडवलं होतं म्हणून आजही चालेल असं धरू नका, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटचा मॅप त्या दिवशीचा बघायचा. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आहे, ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, घोडबंदरला नॅशनल पार्कची हद्द लागून आहे. शिवाय पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश निघतात, पूर्वी कलम १४४ म्हणायचो ते आता बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम १६३, त्यात ड्रोनचा उल्लेख असतो, स्टेशनला फोन करून विचारायला दोन मिनिटं लागतात. आणि हे सगळं हिरवं असलं तरी दुसऱ्याच्या चालू मशिनरीजवळ जायची परवानगी त्यातून मिळत नाही.

मग आम्ही कसं करतो? टेस्टिंगचं शूटिंग होतं, मी केलंय. पण आधी पार्कचं पत्र, आणि राइड अजून ताब्यात दिली नसेल तर ती बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरची संमतीपण लागते, कारण तोपर्यंत मशीन त्यांच्या जबाबदारीवर असतं. इन्शुरन्सचा कागद. सकाळी सगळ्यांसोबत पाच मिनिटं उभं राहून बोलणं, कोण कुठे असेल. माझ्याकडे ऑपरेटरच्याच चॅनेलवरचा वॉकी असतो आणि बाजूला एक माणूस जो स्क्रीनकडे बघतच नाही, फक्त ड्रोन आणि गाडीकडे. ड्रोन ठरलेल्या एका जागी जाऊन उभा राहतो, ट्रॅकच्या बाहेर, मी "ड्रोन जागेवर" म्हणतो, ऑपरेटर ते परत म्हणतो, मग गाडी सुटते. गाडी ब्रेकमध्ये येऊन थांबेपर्यंत ड्रोन जागा सोडत नाही, कॅमेरा फिरवायचा, ड्रोन नाही. ट्रॅकवरून ओलांडायचं नाही, दोन रुळांच्या किंवा खांबांच्या मधून जायचं नाही, कितीही सुंदर शॉट असला तरी. दिवसाच्या पहिल्या फेऱ्या मी शूट करत नाही, त्या गाडीच्या असतात. बॅटरी ४० टक्के झाली की परत. उतरल्यावर प्रॉप, स्क्रू, फिल्टर मोजायचे, एक जरी कमी निघाला तर स्वतःहून वॉकीवर सांगायचं आणि ट्रॅक चालून बघेपर्यंत गाडी थांबवायची. लाज वाटून गप्प बसलेला पायलट मला टीममध्ये नको असतो.

ते एकदम जवळून गाडीसोबत पळणारे व्हिडिओ बघून तुला वाटत असेल की मी फार घाबरून सांगतोय. त्यांतले चांगले असतात ते एफपीव्ही पायलटने, म्हणजे गॉगलमधून ड्रोनच्या कॅमेऱ्याचं बघत उडवणाऱ्याने, पार्कसोबत बसून, फेरी फेरी ठरवून, छोट्या प्रॉपगार्डवाल्या ड्रोनने, गाडीचं वागणं पूर्ण पक्कं झाल्यावर केलेले असतात. टेस्टिंगच्या पहिल्या आठवड्यातले नसतात.

ड्रोनचा खरा उपयोग मला वेगळ्याच ठिकाणी वाटतो आणि त्याबद्दल मला मनापासून बोलायला आवडतं. राइड बंद, चावी काढलेली, पॅनेलला कुलूप आणि टॅग, मग ड्रोन. खाडीच्या हवेत लोखंड लवकर बोलायला लागतं. बोल्टच्या खालून गंजाचा बारीक तांबूस ओघळ आला असेल तर तो जॉइंट हलतोय की काय ही शंका घ्यायची. बोल्ट आवळल्यावर नट आणि प्लेटवर मिळून एक रंगाची रेघ मारतात, ती रेघ तुटून सरकलेली दिसली म्हणजे नट फिरलाय. संक्रांतीनंतर मांजा गुंडाळलेला सापडतो, सेन्सरजवळ, चेनजवळ. हे चाळीस मीटरवर ड्रोनने वीस मिनिटांत दिसतं, आणि मग माणूस नेमका तिथेच चढतो, हात लावून, टॉर्क रेंच लावून खात्री करतो. ड्रोनने बघितलं म्हणून माणसाने चढायचं टाळलं असं मात्र होऊ देत नाही.

तर तू काय कर. टेरेस तुझी आहे, ट्रायपॉड लाव, झूम लेन्स मिळव कुठून तरी, सकाळच्या उन्हात लाल ट्रॅक जमिनीवरून पण सुंदर दिसतो, आणि चेनचा आवाज येतो, जो ड्रोनच्या व्हिडिओत कधीच येत नाही कारण तिथे स्वतःच्या प्रॉपचा आवाज असतो. त्या फुटेजमधले दोनतीन चांगले शॉट घेऊन पार्कच्या ऑपरेशन्स मॅनेजरला पत्र लिही. पत्रात ड्रोनचं मॉडेल, वजन, रजिस्ट्रेशन नंबर, कुठून उडवणार, कुठे उभा करणार याचं हाताने काढलेलं चित्र, सोबत स्पॉटर, म्हणजे फक्त ड्रोनवर नजर ठेवणारा माणूस, कोण, हे सगळं लिही. "मस्त व्हिडिओ बनवतो" एवढंच लिहिलेली पत्रं बाजूला पडतात, चित्र काढलेलं पत्र इंजिनिअरच्या टेबलवर जातं, हे मी आतून बघितलंय. उत्तर यायला महिना लागेल, कदाचित टेस्टिंग संपलेलं असेल, तरी उद्घाटनाच्या आधी पब्लिसिटीसाठी त्यांना शूटिंग लागतंच.

तोपर्यंत एखाद्या मोकळ्या मैदानात, आसपास माणूस नसताना, मॅप हिरवा बघून, ड्रोन दहा मीटरवर ने आणि रिमोट मुद्दाम बंद करून बघ तो नक्की काय करतो ते. मग सेटिंग जागेवर थांबवर टाकून परत एकदा बघ.